मेरठचे कैदी आणि सातासमुद्रापलीकडचे सोयरे

(किनवट येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जरा लांबचा वाटेल. युनियनचं काम केलं म्हणून ज्यांना तुरुंगात टाकलं, त्यांच्यामागे परदेशातले कामगार कसे उभे राहतात, आणि अशा उभं राहण्याचा खरंच काही उपयोग होतो का? मघाशी चहा घेताना एका काकांनी मला सरळच विचारलं, "तेंदूपत्त्याची मजुरी इथे वेळेवर मिळत नाही, तिथे लंडनचा माणूस काय करणार?" प्रश्न रास्त आहे. तोच धरून बोलतो. त्यासाठी मात्र आधी तुम्हाला किनवटहून मुंबईला आणि मुंबईहून मेरठला न्यावं लागेल.

साल १९२८. किनवट तेव्हा निजामाच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा झाला होता, पण तो संस्थानात लागू नव्हता. म्हणजे मुंबईत युनियन ही निदान कायद्याच्या कागदावर तरी मान्य झालेली गोष्ट होती. आता तुम्ही म्हणाल, कायदा होता तर मग भांडण कशाचं? भांडण साच्यांचं होतं. गिरणीतले लोक मागाला साचा म्हणत. एक विणकर दोन साचे बघायचा. मालकांनी ठरवलं, आता तीन बघा. सूतकताईतही तेच, एका माणसानं दुप्पट बाजू सांभाळायची. याला इंग्रजीतून आलेलं गोंडस नाव होतं रॅशनलायझेशन. कामगाराच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तिघांचं काम दोघांनी करायचं आणि तिसऱ्यानं गावाकडची गाडी धरायची.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी. त्या संपातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष संपता संपता तिचे पन्नास हजारांवर सभासद झाले. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे ही नावं तुम्ही ऐकली असतील. अर्जुन आत्माराम आळवे आणि जी. आर. कासले ही दोन बहुधा ऐकली नसतील. हे दोघे स्वतः गिरणीतले कामगार. आळवे तर युनियनचे अध्यक्ष. पुढे ही दोन नावं पुन्हा येतील, तेवढी लक्षात ठेवा.

सहा महिने संप चालतो तेव्हा लोक खातात काय? थोडं गावाकडून येतं, थोडं वाण्याच्या उधारीवर चालतं, थोडं युनियनच्या धान्यवाटपातून. आणि काही पैसा परदेशातून आला. सोव्हिएत रशियाच्या कापड कामगारांच्या युनियनकडून आला. त्याआधी १९२५ च्या संपातही ना. म. जोशींच्या मवाळ गटाला इंग्लंडच्या आणि युरोपच्या युनियनांकडून मदत आली होती. मवाळांना मवाळांकडून, जहालांना जहालांकडून. पैसा आला, धान्य झालं, पोरांच्या पोटात गेलं. पण हाच पैसा पुढे कोर्टात सरकारी पक्षाच्या हातात पुरावा म्हणून येणार होता.

२० मार्च १९२९. मुंबई, पुणे, कलकत्ता, पंजाब, संयुक्त प्रांत, सगळीकडे एकाच वेळी छापे पडले. ३१ जणांना अटक झाली आणि नंतर एक इंग्रज पत्रकार, लेस्टर हचिन्सन, त्यांत जोडला गेला. हा हचिन्सन मुंबईत होता. पुढारी पकडले गेल्यावर तो युनियनच्या कामाला पुढे झाला, आणि काही महिन्यांत त्यालाही उचललं. आरोप कलम १२१ अ चा, म्हणजे बादशहाचं हिंदुस्थानावरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट. बाँब फेकला, कुणाला मारलं, गिरणी जाळली, असा काही आरोप नव्हता. कट केला, एवढाच.

आता खटला मेरठला का? मुंबईचे लोक, मुंबईतला संप, मग हजारभर मैल लांब मेरठ कशाला? सरकार म्हणालं, सोयीची जागा आहे, तिथेही या लोकांच्या पक्षाची शाखा होती. खरी गोष्ट अशी, की मुंबईत किंवा कलकत्त्यात खटला चालवला असता तर ज्यूरी बसली असती. ज्यूरीत सामान्य नागरिक असतात, आणि त्यांचा भरवसा सरकारला नव्हता. मेरठला ज्यूरीची गरज नव्हती. अजूनही एक फायदा होता. आरोपीला त्याच्या माणसांपासून लांब नेलं की अर्धी शिक्षा तिथेच होते. आळव्यांच्या घरच्यांनी परळहून मेरठला भेटीला कसं जायचं? भाडं कुठून आणायचं? वकील कुठून आणायचा?

याच सुमाराची आणखी एक घटना तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, फक्त ती अशी जोडून सांगितलेली नसते. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या सेंट्रल असेंब्लीत बाँब फेकला. त्या दिवशी असेंब्लीत काय चाललं होतं? ट्रेड डिस्प्यूट्स बिल मंजूर होत होतं. या कायद्यानं एका धंद्यातल्या कामगारांनी दुसऱ्या धंद्यातल्यांसाठी केलेला, सरकारला कोंडीत पकडणारा सहानुभूतीचा संप बेकायदा ठरवला. दुसरं होतं पब्लिक सेफ्टी बिल, परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर काढण्यासाठी. असेंब्लीचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी भूमिका घेतली, की मेरठचा खटला चालू असताना या बिलावर चर्चा होऊच शकत नाही, कारण दोन्हींचा विषय एकच आहे. मग व्हाइसरॉयनं वटहुकूम काढला. म्हणजे बघा, पुढाऱ्यांना अटक, परदेशी साथीदारांना हाकलण्याचा कायदा आणि शेजारच्या कारखान्यानं साथ देण्यावर बंदी, हे सगळं तीन आठवड्यांत. सरकारला नेमकी कशाची भीती वाटत होती, ते यावरून कळतं. कामगारांनी एकमेकांसाठी उभं राहायचं, त्याची.

आता आरोपींची बाजू सांगताना मी त्यांना देवमाणसं करणार नाही. त्यांच्यातले बरेच जण कम्युनिस्ट होते, मॉस्कोशी संबंध ठेवून होते, काही पत्रव्यवहार चोरून चाले. १८ आरोपींनी तर कोर्टात एकत्र निवेदन देऊन सांगितलं, की हो, आम्ही कम्युनिस्ट आहोत. पण त्यांच्याच पिंजऱ्यात पुण्याचे ठेंगडी होते, इंजिनियर, एकेकाळचे आयटकचे अध्यक्ष, वयानं सगळ्यांत मोठे. खटला चालू असतानाच ते वारले. निर्दोष की दोषी, हे त्यांच्याबाबत ठरलंच नाही. वेगवेगळ्या मतांची माणसं एका पिंजऱ्यात कोंडली होती. त्यांना जोडणारी गोष्ट एकच, प्रत्येकाचा युनियनशी किंवा कामगार-शेतकरी चळवळीशी संबंध होता.

खटला चालला किती? पकडल्यापासून सेशन्स कोर्टाच्या निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षं. जानेवारी १९३३ मध्ये न्यायाधीश यॉर्क यांनी शिक्षा सुनावल्या. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, स्प्रॅट यांना बारा-बारा वर्षं, मिरजकर आणि ब्रॅडली यांना दहा. आळवे आणि कासले यांना तीन.

बाहेर काय चाललं होतं, तो आपला खरा विषय. देशात बचाव समिती झाली, मोतीलाल नेहरू, डॉ. अन्सारी, जवाहरलाल त्यात होते. मुंबईचे नरिमन आणि छागला वकील म्हणून गेले. गांधीजी तुरुंगात भेटून आले. आणि इंग्लंडमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

लँकेशायर हा इंग्लंडचा कापडाचा मुलूख. मँचेस्टर, सॅल्फर्ड, बर्नली. आपल्याला शाळेत काय शिकवलं? मँचेस्टरच्या कापडानं आपला विणकर मेला. खरंच आहे ते. आणि मुंबईच्या गिरण्या वाढल्या, आपल्याकडे बहिष्कार झाला, तसा मँचेस्टरचा कामगार बेकार झाला. म्हणजे हे दोघे एकमेकांचे वैरीच असायला हवेत. पण १९३१-३२ मध्ये लँकेशायरच्या मालकांनी आपल्या विणकरांना काय सांगितलं? तुम्ही चार माग बघता, आता सहा बघा, आठ बघा. तिथेही संप झाले, टाळेबंदी झाली. दोनाचे तीन आणि चाराचे सहा, गणित एकच आहे. मुंबईत त्या गणिताविरुद्ध बोलणारे लोक मेरठच्या कोठडीत आहेत, हे लँकेशायरच्या विणकराला समजवायला फार बोलावं लागलं नाही.

ते समजवलं कसं? सॅल्फर्डमध्ये बेकार तरुण पोरांचा एक नाटकमंडळ होता, रेड मेगाफोन्स. त्यांच्याकडे थिएटर नाही, पडदा नाही, दिवे नाहीत. 'मेरठ' नावाचं एक छोटं पथनाट्य कामगार रंगभूमीच्या चळवळीत तयार झालं होतं, ते हे लोक रस्त्यावर करायचे. सामान काय, तर सहा लाकडी दांडे. दांडे उभे-आडवे धरायचे की झाले तुरुंगाचे गज. गजांमागून पोरं बोलायची, हिंदुस्थानातल्या कामगाराला काय पगार मिळतो, कसे पकडले, कसा खटला चालतोय, आणि शेवटी गजांतून हात बाहेर काढून लोकांकडे मागणी करायची. पाच-सात मिनिटांचा खेळ. पोलीस आले की दांडे उचलून पळायचं. त्यांतला एक पोरगा पुढे ईवन मॅकॉल या नावानं मोठा लोकगायक झाला. आपल्याकडे अण्णा भाऊ, अमर शेख यांनी जे केलं, तेच हे, दहाएक वर्षं आधीचं आणि आपल्या माणसांसाठी केलेलं.

मोठी माणसंही होती. फ्रान्समधून रोमां रोलाँ यांनी लिहिलं. लंडनच्या प्राध्यापक हॅरल्ड लास्कींनी लिहिलं. आरोपींतले डॉ. गंगाधर अधिकारी हे मूळचे पनवेलकडचे, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून आलेले, मायदेशी परतून चार महिनेसुद्धा झाले नव्हते तोच पकडलेले. त्यामुळे जर्मनीतही कैवार घेणारे निघाले, आइन्स्टाइन यांनीही कैद्यांच्या बाजूनं आपलं नाव दिलं. मोठ्या नावाचा उपयोग असतो, नाही असं नाही. वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. पण ती चार ओळींची बातमी वाचून कुणीतरी चौकात उभं राहावं लागतं. ते काम दांडेवाल्या पोरांनी केलं.

आता कडू भाग. तो टाळला तर व्याख्यान खोटं होईल.

खटला सुरू झाला तेव्हा, जून १९२९ मध्ये, इंग्लंडात सरकार कुणाचं आलं? लेबर पक्षाचं. मजूर पक्षाचं! मुंबईत कुणाला वाटलं असेल, आता सुटले आपले लोक. कुणी सुटलं नाही. रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या सरकारनं खटला तसाच चालू ठेवला. तिकडच्या ट्रेड युनियन काँग्रेसनं बराच काळ हात आखडता ठेवला, कारण कैद्यांत कम्युनिस्ट होते आणि कम्युनिस्ट त्यांना रोज शिव्या घालत. कम्युनिस्टही काही कमी नव्हते, मवाळ पुढाऱ्यांना ते मालकांचे हस्तक म्हणत आणि वर त्यांच्याकडूनच पाठिंब्याची अपेक्षा करत. शेवटी शिक्षा झाल्यावर, १९३३ साली, टीयूसी आणि लेबर पक्षानं मिळून कैद्यांना सोडा म्हणून पुस्तिका काढली. तेव्हा त्यांच्या हातात सत्ता नव्हती. सत्ता असताना गप्प आणि गेल्यावर पुस्तिका. हा अनुभव आपल्याला नवा नाही. [हशा]

आणि घरात काय झालं? १९२९ च्या अखेरीला आयटकचं अधिवेशन आपल्या नागपूरला भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे संघटना फुटली. भांडणाचे मुद्दे दोन, सरकारच्या लेबर कमिशनवर बहिष्कार घालायचा का, आणि परदेशातल्या कुठल्या संघटनेशी नातं जोडायचं. ना. म. जोशी आणि मवाळ मंडळी बाहेर पडली. म्हणजे बाहेरच्या सोयऱ्यांवरून घरात भाऊबंदकी. मुंबईत १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि गिरणी कामगार युनियन बघता बघता खिळखिळी झाली. मेरठच्या पिंजऱ्यात पुढारी बसले होते, कामावरून कमी केलेले लोक गावाला गेले होते.

पिंजऱ्यात तीन इंग्रज होते, स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन. ब्रॅडली स्वतः लंडनकडचा यंत्रकामगार. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत खटला टिकून राहिला, त्याचं एक मोठं कारण हे तिघे. आपला माणूस तिकडे अडकलाय म्हटल्यावर लोक वाचतात. हे तिघे नसते, फक्त आळवे आणि कासले असते, तर सॅल्फर्डला खबर पोचली असती का? मला शंका आहे. पण यात दोष द्यावा असंही मला वाटत नाही, कारण ब्रॅडली आणि स्प्रॅट आपणहून इथे आले होते आणि आपल्या लोकांसोबत तुरुंगात बसले. कातडी गोरी म्हणून त्यांना कमी शिक्षा झाली नाही. स्प्रॅटला डांग्यांइतकीच झाली.

मग उपयोग झाला का? ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांनी अपिलाचा निकाल दिला. शिक्षा एकदम खाली आल्या. मुझफ्फर अहमद आणि डांगे तीन वर्षं, स्प्रॅट दोन, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, ब्रॅडली एक-एक वर्ष. आळवे, कासले, हचिन्सन सुटले. बारा वर्षांचं एक वर्ष झालं! हे सॅल्फर्डच्या दांड्यांमुळे झालं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि मी म्हणणारही नाही. न्यायमूर्तींनी कायदा बघितला. पण साडेचार वर्षं हे कैदी विसरले गेले नाहीत, वकिलांना पैसा पुरला, अपील झालं, आणि सरकारला हा खटला चुपचाप गुंडाळता आला नाही. जी साडेचार वर्षं गेली ती मात्र गेलीच. सुटलेल्यांचीसुद्धा.

एक उडी मारतो, पण तुमच्या स्टेशनवरूनच. मुदखेड-आदिलाबाद लाईन तेव्हा मीटर गेज होती. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप झाला, सुमारे १७ लाख कामगार रेल्वेत होते. पुढारी जॉर्ज फर्नांडिस, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या आणि महापालिका कामगारांच्या युनियनांतून वर आलेले. संप वीसेक दिवसांत चिरडला. हजारो तुरुंगात, हजारो बडतर्फ, क्वार्टरमधून बायकापोरं सामानासकट बाहेर. मग आणीबाणी आली. जॉर्ज भूमिगत झाले, जून १९७६ मध्ये कलकत्त्याला पकडले गेले, बडोदा डायनामाइट खटला उभा राहिला. युरोपातले समाजवादी नेते, विली ब्रांट, ओलोफ पाल्मे, ब्रूनो क्रायस्की, यांनी इंदिरा गांधींकडे त्यांच्या जिवाची चौकशी केली. कैदी कुठे आहे हे जग विचारतंय म्हटल्यावर त्याचं बरंवाईट करणं अवघड होतं. माझ्या मते हा थेट उपयोग.

पण बडतर्फ गँगमनबद्दल ब्रांटनी विचारलं नाही, विचारणारही कसे? त्याचं नाव कुणी तिकडे कळवलं नव्हतं. त्याला कामावर परत घेतलं ते १९७७ नंतर, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. म्हणजे इथल्या मतदानानं. मला दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या होत्या. बाहेरचा माणूस जीव वाचवू शकतो, नोकरी परत देऊ शकत नाही.

याच आणीबाणीत, १९७६ साली, परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा झाला. आता त्याच्या जागी २०१० चा आहे. १९२९ मध्ये मॉस्कोचा पैसा पुरावा होता, १९७६ मध्ये 'परकीय हात' होता. म्हणून आज कुठल्याही युनियननं बाहेरून पैसा घेताना दहा वेळा विचार करावा आणि वकिलाला विचारावं. पत्र, ठराव, निदर्शनं यांना मात्र कुणी अडवलेलं नाही.

आता त्या काकांच्या प्रश्नाकडे. लंडनचा माणूस तेंदूपत्त्याची मजुरी देणार नाही. पण मजुरी मागितली म्हणून तुमच्या पुढाऱ्याला आत टाकलं, तर एक दार आहे. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना, आयएलओ. १९१९ पासून भारत तिचा सभासद आहे. तिथे कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा कुणी, हा प्रश्न उभा राहिला, म्हणून तर १९२० साली मुंबईत घाईनं आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. या संघटनेचे दोन करार आहेत, ८७ आणि ९८ क्रमांकाचे, युनियन करण्याच्या आणि सामुदायिक वाटाघाटीच्या हक्काचे. भारतानं ते आजही मान्य केलेले नाहीत, सरकारी नोकरांचं कारण सांगून. तरीसुद्धा १९५१ पासून तिथे संघटना-स्वातंत्र्याची एक समिती आहे, आणि करार मान्य नसलेल्या देशाविरुद्धही ती तक्रार घेते. एकट्या माणसाची घेत नाही, संघटनेची घेते. सरकारला उत्तर द्यावं लागतं, अहवाल छापला जातो. पोलीस पाठवायची ताकद तिच्यात नाही, तेवढं समजून जायचं.

शेवटी एका ताईंनी विचारलं, त्या अंगणवाडीत काम करतात, की तक्रार मराठीत चालते का. तिथला कारभार इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश भाषांत चालतो, त्यामुळे भाषांतर करावं लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा देशपातळीवरचा महासंघ करतो. पण भाषांतर करायला आधी मराठीत काहीतरी लिहिलेलं हवं. अटक झाली त्या रात्रीच वही काढा. किती वाजता नेलं, कुठल्या ठाण्यात, कुठलं कलम सांगितलं, नोटीस दिली का, सोबत कोण होतं, आदल्या दिवशी मालकाशी काय बोलणं झालं होतं. सगळ्यांची नावं लिहा, नुसतं पुढाऱ्याचं नको. आळव्यांचं आणि कासल्यांचंही लिहा.